पेनड्राइव्हवरचं पॅकेज आणि सनदेचा प्रश्न

“सर, पर हमारी बच्ची के खाते का क्या?”

शाळेच्या व्हरांड्यात एका आईने मला हा प्रश्न विचारला, त्याला दोन वर्षं होऊन गेली. माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं. आजही पूर्ण उत्तर नाही. ते का नाही, हे सांगण्यासाठी आज जरा वेगळ्या विषयावर लिहितो आहे. या ब्लॉगवर मी सहसा शिक्षण, भाषा, आपला समाज यांवर लिहितो. आजचा विषय शाळेतल्या संगणकांच्या अपडेटचा आहे. कंटाळवाणा वाटेल, पण ज्यांची मुलं शाळेत फॉर्म भरतात त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचावं.

मी तिवस्यात उर्दू आणि मराठी शिकवतो. बी.एड.ला संगणकावर एक पेपर होता, एवढ्याच भांडवलावर लॅबची किल्ली माझ्याकडे आली. लॅब म्हणजे अकरा जुने संगणक. त्यांवर विंडोज ७ होतं. १४ जानेवारी २०२० ला मायक्रोसॉफ्टने त्याची सुरक्षा अपडेट्स बंद केली, मग कोरोना आला, लॅब दीड वर्ष कुलपात राहिली. उघडली तेव्हा नवीन विंडोज त्या मशीनांना पेलवत नव्हतं आणि परवान्याला पैसे नव्हते. आमचाच एक माजी विद्यार्थी तेव्हा अमरावतीत पॉलिटेक्निक करत होता. तो म्हणाला, “सर, लिनक्स टाकून देतो ना जी, फुकट हाय अन् हलकं हाय.” त्याने डेबियन टाकून दिलं. संगणक खरोखर पुन्हा धावू लागले.

अडचण इंटरनेटची होती. शाळेला ब्रॉडबँड नाही. माझ्या मोबाइलचा हॉटस्पॉट, दिवसाला दीड जीबी. एका संगणकाचं महिन्याचं अपडेट कधी तीनशे एमबी, कधी सातशे. त्याला अकराने गुणा. त्यातून दुपारची वीज जाते, टॉवर बसतो. म्हणून त्या मुलाने एक युक्ती केली, जी जगभर करतात आणि योग्यच आहे. एका संगणकात मोठी हार्ड डिस्क घालून त्याने तिथे पॅकेजांचं गोदाम केलं. लिनक्सवाले त्याला रिपॉझिटरी म्हणतात. बाहेरून माल एकदाच आणायचा, बाकीच्या दहांनी लॅबमधल्या वायरीवरून त्या गोदामातून उचलायचा. दिवाळी-उन्हाळ्यात तो डिस्क अमरावतीला नेऊन भरून आणायचा.

फक्त एक गोष्ट त्याने सोयीसाठी केली. त्याने डेबियनचं गोदाम जसंच्या तसं उतरवलं नाही. लागणारी पॅकेजं तेवढी एका फोल्डरमध्ये गोळा केली आणि त्यांची यादी स्वतःच बनवली. त्या यादीवर कुणाची सही नसल्यामुळे दहाही संगणक कुरकुरू लागले की ‘हे गोदाम सहीचं नाही, मी यातून काही घेणार नाही’. मग त्याने प्रत्येकावर गोदामाच्या पत्त्याच्या ओळीत एक शब्द लिहिला : ट्रस्टेड, बरोबर, येस. म्हणजे ‘यावर विश्वास ठेव, तपासू नकोस’. कुरकुर थांबली. वर्षभर सगळं सुरळीत चाललं. हे त्याच्या डोक्यावर फोडण्यासाठी लिहीत नाही. तो एकोणीस वर्षांचा होता, आणि मी त्याला विचारलंसुद्धा नाही की ही ओळ काय करते.

पुढची चूक पूर्ण माझी आहे. उर्दूवाल्यांचा एक जुना हट्ट असतो. नस्तालीक पाहिजे, आणि तीही आपल्या डोळ्यांना सवय असलेली. अहमद मिर्झा जमील यांनी १९८१ मध्ये मोनोटाइपसाठी नूरी नस्तालीक तयार केली आणि पुढे इनपेजमधून तीच वळणं घरोघर पोचली. आमच्या वयाच्या उर्दू शिक्षकाला दुसरं वळण ‘उर्दू’ वाटतच नाही. डेबियनमध्ये नोटो नस्तालीक मिळतो, चांगला आहे, पण मला ‘तो’ हवा होता. ओळखीतल्या एकाने पेनड्राइव्ह दिला : “यात फॉन्ट, उर्दू कीबोर्ड अन् व्हिडिओ प्लेअर, सगळं एकाच पॅकेजात हाय. गोदामात टाका, सगळ्या मशीनीवर आपोआप येते.” मी टाकलं. आलंही.

जे मला तेव्हा माहीत नव्हतं ते इथे स्पष्ट लिहितो, कारण हे माहीत असलेला शिक्षक मला आजवर क्वचितच भेटला. लिनक्सचं पॅकेज म्हणजे नुसती फायलींची गाठोडी नसते. त्याच्यात एक छोटी आज्ञावली असू शकते आणि पॅकेज बसवताना ती रूटच्या, म्हणजे संगणकाच्या मालकाच्या, अधिकाराने चालते. तिला काहीही करता येतं. नवीन वापरकर्ता तयार करता येतो, दर वेळी आपोआप सुरू होणारा प्रोग्राम बसवता येतो, कीबोर्डवर काय टाइप होतंय ते लिहून ठेवता येतं. फॉन्टसाठी तर पॅकेज लागतच नाही. फॉन्टची फाइल आपल्या घरच्या फोल्डरमध्ये नुसती ठेवली तरी चालतो, आणि तिथे रूटचा संबंधच येत नाही. एका फॉन्टसाठी मी अकरा घरांच्या किल्ल्या अनोळखी माणसाच्या हातात दिल्या.

तीन आठवड्यांनी पंख्यांचा आवाज वाढला. काहीही उघडलेलं नसताना मशीन तापायची. माजी विद्यार्थ्याला बोलावलं. त्याने शोधून काढलं की एक अनोळखी प्रोग्राम प्रोसेसर खाऊन राहिला आहे आणि संगणक सुरू झाला की तोही सुरू होतो. तो कुठून आला ते पॅकेजांच्या नोंदवहीत सरळ दिसत होतं : त्याच गठ्ठ्यातून. तो प्रोग्राम आणखी काय करत होता, ते आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. आणि त्याच तीन आठवड्यांत, त्याच अकरा संगणकांवर, आम्ही साठेक मुलींचे शिष्यवृत्तीचे फॉर्म भरले होते. आधार क्रमांक, बँक खातं, मोबाइल, पासवर्ड.

म्हणून पालकांना बोलावलं. मुख्याध्यापक म्हणाले, सांगायची गरज आहे का? मी म्हटलं, आहे. पासवर्ड बदलायला लावले, बँकेत जाऊन मोबाइल नंबर तपासायला सांगितलं. कुणाचे पैसे गेल्याचं आजपर्यंत कानावर आलेलं नाही, अल्हम्दुलिल्लाह. पण ‘गेलं नाही’ आणि ‘गेलं की नाही ते माहीत नाही’ यांत फरक असतो, आणि त्या आईच्या प्रश्नाला माझ्याकडे फक्त दुसरं उत्तर होतं.

या प्रकारानंतर स्टाफरूममध्ये दोन मतं ऐकली. पहिलं : हे लिनक्सचं लफडंच नको, अपडेट बंद करा, चालतंय ते चालू द्या. दुसरं : बाहेरचं काहीच नको, फक्त इंटरनेटवरून थेट घ्या, लोकल गोदाम मोडा. मला दोन्ही चुकीची वाटतात.

अपडेट बंद केल्यावर काय होतं ते मे २०१७ मध्ये जगाने पाहिलं. वॉनाक्राय नावाच्या व्हायरसने दवाखान्यांपासून कारखान्यांपर्यंत संगणक गोठवले, आणि ज्या भोकातून तो शिरला ते बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधी, मार्चमध्येच दिलं होतं. ते विंडोजचं होतं, पण भोकं लिनक्सलाही पडतात. आणि थेट इंटरनेटवरून घ्या म्हणणाऱ्यांनी तिवस्यात येऊन माझ्या हॉटस्पॉटवर अकरा मशीनी अपडेट करून दाखवाव्यात. अर्धवट तुटलेलं अपडेट हे न केलेल्या अपडेटपेक्षा जास्त त्रास देतं.

मूळ दोष गोदाम जवळ असण्याचा नव्हताच. माल कुणाच्या सहीचा आहे हे विचारणं आम्ही बंद केलं होतं, तिथे घोळ झाला.

वऱ्हाडातल्या माणसाला हे समजावणं सोपं आहे. मे-जूनमध्ये आपण बियाणं कुठून घेतो? तिवस्यातल्या, कुऱ्ह्यातल्या कृषी केंद्रातून. दुकानदार बियाणं बनवत नाही. महाबीज १९७६ पासून अकोल्यात आहे, आणि बियाण्याची तपासणी करून टॅग देणारी बीज प्रमाणीकरण यंत्रणाही अकोल्यातच आहे. प्रमाणित बियाण्याच्या थैलीला निळा टॅग असतो, पायाभूतला पांढरा. शिवण उसवलेली नसेल, सील शाबूत असेल, टॅगवरचा लॉट नंबर थैलीशी जुळत असेल, तर दुकानदार माझा मेहुणा आहे की अनोळखी, याने काही बिघडत नाही. थैली ट्रकमधून आली की बैलगाडीतून, यानेही नाही. उलट शिवण उसवलेली असेल तर मेहुण्याकडची थैलीसुद्धा घेऊ नये. चोरट्या वाटेने येणारं विनापावतीचं कपाशीचं बियाणं नेहमी ओळखीच्याच माणसाकडून मिळतं, हे आपल्याकडे कुणाला सांगायला नको.

डेबियनचं गोदाम नेमकं असंच चालतं. गोदामाच्या तोंडाशी एक छोटी फाइल असते, तिला रिलीज फाइल म्हणतात. तिच्यावर डेबियनची डिजिटल सही असते. त्या फाइलमध्ये मालाच्या याद्यांचे ठसे असतात आणि याद्यांमध्ये प्रत्येक पॅकेजचा ठसा. ठसा म्हणजे फाइलवरून गणिताने काढलेला एक लांबलचक आकडा. फाइलमधलं एक अक्षर बदललं तरी आकडा पूर्ण बदलतो. सही तपासायची किल्ली डेबियन बसवतानाच आपल्या संगणकात येते. त्यामुळे मधलं गोदाम आयआयटी कानपूरच्या आवारात असो, माझ्या लॅबमधल्या डिस्कवर असो की एसटीच्या टपावरून आलेल्या पिशवीत, शेवटचा संगणक स्वतः सही बघतो, ठसा मोजतो आणि जुळलं तरच घेतो. मधल्या माणसावर विश्वास ठेवायची गरजच राहत नाही. ट्रस्टेड-येस लिहून आम्ही नेमकी ही सोय फेकून दिली होती.

भाषेच्या मास्तराला इथे एक शब्द आठवल्याशिवाय राहत नाही. सनद. मराठीत सनद म्हणजे अधिकारपत्र, इनामाची सनद, वकिलाची सनद. उर्दूत प्रमाणपत्रालाही सनद म्हणतात. आणि मूळ अरबीत, हदीसच्या शास्त्रात, सनद म्हणजे हे वचन कुणी कुणाकडून ऐकलं त्याची साखळी. मदरशात शिकणारा पोरगाही मजकुराआधी साखळी विचारतो. तीच सवय असलेला मी पेनड्राइव्ह घेताना ‘हे कुठून आणलं?’ एवढंही विचारलं नाही.

साखळी शाबूत असली की सगळं झालं, असंही नाही. हदीसच्या विद्वानांनी साखळीतल्या प्रत्येक माणसाचं चारित्र्य तपासण्याचं एक वेगळं शास्त्रच उभं केलं. त्याची गरज संगणकाच्या जगाला २९ मार्च २०२४ ला फार जोरात कळली. एक्सझेड नावाची फायली दाबून लहान करणारी एक साधी वस्तू आहे, जवळजवळ प्रत्येक लिनक्समध्ये असते. तिची देखभाल एक थकलेला माणूस फुकटात करत होता. जिया तान या नावाने कुणीतरी दोन वर्षांहून जास्त काळ त्याला मदत केली, विश्वास मिळवला, आणि ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये चोरदरवाजा बसवला. सही खरी होती, ठसे जुळत होते. आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरच्या लक्षात आलं की दूरच्या संगणकावर लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतो आहे, आणि तो त्या अर्ध्या सेकंदाच्या मागे लागला, म्हणून सापडलं.

त्यात एक गोष्ट आपल्या कामाची आहे. तो माल डेबियनच्या चाचणीच्या शाखांपर्यंत पोचला होता. स्थिर शाखेत, जी शाळा-कार्यालयांत वापरतात, तो पोचलाच नव्हता, कारण तिथे नवीन माल मुद्दाम उशिरा येतो. ‘सर, आपल्याकडे सगळं जुनंच व्हर्जन आहे’ अशी मुलांची तक्रार असते. असू दे.

हदीसवाल्यांसारखी चारित्र्याची छाननी आपण तिवस्यात बसून करू शकत नाही. शेतकरी जे करतो ते मात्र करू शकतो. २०२० च्या खरिपात सोयाबीन उगवलं नाही म्हणून राज्यभर तक्रारींचा पाऊस पडला होता, आठवत असेल. त्यात टॅगवालं बियाणंही होतं. तेव्हापासून आमच्याकडे घरोघर गोणपाटाची चाचणी करतात. शंभर दाणे मोजून ओल्या पोत्यात गुंडाळायचे, आठवड्याने उघडायचं, सत्तर उगवले तर पेरायचं. मी लॅबमध्ये हेच करतो. खिडकीजवळचा तीन नंबरचा संगणक म्हणजे माझं गोणपाट. अपडेट आधी त्याच्यावर. दोन दिवस तो वापरायचा, उर्दूची एक प्रश्नपत्रिका आणि मराठीची एक छापून बघायची, प्रिंटर बोलतो का, जोडाक्षरं तुटत नाहीत ना, फॉर्मची साइट उघडते का. मग बाकीचे दहा.

आता आमचं गोदाम कसं आहे ते सांगतो. कुणाला आपल्या शाळेत करायचं असेल तर उपयोगी पडेल. जुनं फोल्डर पुसून टाकलं, अकराही संगणक नव्याने बसवले. मोडलेल्या घरात राहून भिंती दुरुस्त करण्यात अर्थ नव्हता. बसवायची डिस्कही तपासून घेतली. २० फेब्रुवारी २०१६ ला लिनक्स मिंटच्या वेबसाइटमध्ये चोर शिरले होते आणि डाउनलोडची लिंक त्यांनी चोरदरवाजा असलेल्या फाइलकडे वळवली होती. सुरुवातीची फाइलच खोटी असेल तर तिच्यासोबत येणारी किल्लीही खोटी, मग पुढची सगळी तपासणी फुकट.

मोठा माल आम्ही अजूनही डिस्कवर आणतो, पण आता डेबमिरर नावाच्या साधनाने. ते डेबियनची रिलीज फाइल आणि सही जशीच्या तशी उतरवतं, आधी पॅकेजं आणतं आणि याद्या शेवटी बदलतं. त्यामुळे मध्ये नेट तुटलं तरी जुनी यादी आणि जुना माल एकमेकांशी जुळलेले राहतात. पूर्वी असं अर्धवट गोदाम झालं की ‘हॅश सम मिसमॅच’ अशी तक्रार यायची आणि आम्ही चिडायचो. आता ती दिसली की मी हात मागे घेतो. थैलीचं वजन टॅगशी जुळत नाहीये, एवढंच ती सांगते. ज्यांना पूर्ण गोदाम नको, एखाद-दुसऱ्याच मशीनचं काम आहे, त्यांनी ॲप्ट-ऑफलाइन बघावं. रितेश राज सर्राफ या आपल्याच देशातल्या डेबियन विकसकाने ते लिहिलं आहे. बिननेटच्या संगणकावर मागणीची चिठ्ठी बनवायची, नेट असलेल्या कुठल्याही संगणकावरून माल पेनड्राइव्हवर घ्यायचा, परत आणून बसवायचा. तोही पेनड्राइव्हच असतो. फरक इतकाच की सही तपासली जाते.

सुरक्षेच्या अपडेटचं गणित वेगळं आहे. त्या यादीवर मुदत लिहिलेली असते, साधारण आठवड्याची. बियाण्याच्या टॅगवर जशी असते तशी. त्याला कारण आहे. कुणी आपल्याला खऱ्या सहीची पण जुनीच यादी दाखवत राहिला तर आपल्याला वाटेल की सगळं ताजं आहे, आणि नवीन भोकं उघडीच राहतील. महिन्यातून एकदा भरलेल्या डिस्कवर ही मुदत हमखास संपलेली असते. मुदतीची तपासणीही बंद करता येते, आणि अनेकजण करतात. मी एकदा केली होती, मग लाज वाटली. आता गोदामाच्या संगणकावर ॲप्ट-कॅशर-एनजी ठेवलं आहे. दर शुक्रवारी शाळा सुटल्यावर हॉटस्पॉट लावायचा, पहिल्या मशीनने जे मागवलं ते तिथे साठतं, उरलेल्या दहांना तेच मिळतं. सुरक्षेचा माल तेवढा घेतला तर दीड जीबीत बहुतेक वेळा भागतं.

मुदतीवरून एक गंमत. दोन संगणक सारखे म्हणायचे की यादी ‘अजून वैध झालेली नाही’. भविष्यातून आलेली यादी! आम्ही अर्धा दिवस गोदाम उलटंपालटं केलं. शेवटी आठवीतल्या एका मुलीने कोपऱ्यातल्या घड्याळाकडे बोट दाखवलं. मदरबोर्डवरचा सेल मेला होता, वीज गेली की ते दोन्ही संगणक कित्येक वर्षं मागे जायचे. २०३२ नंबरचा सेल, रिमोटमध्ये-वजनकाट्यात असतो तोच, बाजारातून आणून बसवला.

आमची स्वतःची एक-दोन पॅकेजं अजून आहेत, उर्दू कीबोर्डची मांडणी आणि शाळेचे नमुने. ती वेगळ्या लहान गोदामात ठेवली, रेप्रेप्रो वापरून, आमच्याच किल्लीने सही करून. संगणकांना स्पष्ट सांगितलं आहे की ही किल्ली फक्त या गोदामापुरती आहे. पूर्वी एकदा दिलेली किल्ली सगळ्याच गोदामांना चालायची. ती पद्धत डेबियनने आता बाद केली. प्राधान्यही कमी ठेवलं, नेहमीच्या ५०० ऐवजी १००, म्हणजे आमच्या गोदामात कुणी उद्या ‘नवीन लिबरऑफिस’ टाकलं तरी डेबियनचंच बसेल. सही करायची किल्ली लॅबमध्ये नसते. ती माझ्या घरी, कपाटात, कागदपत्रांच्या डब्यात आहे.

बाकी काळजी साधी आहे. अपडेटच्या आधी प्रश्नपत्रिका आणि मुलांचं काम दुसऱ्या डिस्कवर. खरं अपडेट करण्याआधी नुसतं ‘करून दाखव’ म्हणायचं, तशी सोय असते, आणि ‘काढून टाकली जातील’ या शीर्षकाखाली काय लिहिलं आहे ते वाचायचं. एकदा तिथे अर्धं लिबरऑफिस दिसलं होतं. एंटर दाबण्याआधी वाचलं म्हणून सहामाहीचे पेपर वाचले. आणि यूपीएस नसेल तर दुपारी बारा ते चार हात लावायचा नाही. मध्येच वीज गेली तर घाबरून पुन्हा सगळं बसवत बसू नये. डीपीकेजीला अर्धवट राहिलेलं पूर्ण करायला सांगणारी एक आज्ञा आहे, बहुतेक वेळा तेवढ्याने उभं राहतं.

लोक म्हणतात, शाळेच्या संगणकात चोरण्यासारखं असतं काय? सरल पोर्टलचं लॉगिन असतं. यू-डायसची माहिती असते. आणि ज्या घरात एकच स्मार्टफोन आहे, तोही बापाबरोबर कामावर जातो, त्या घरच्या मुलीचं सगळं सरकारी आयुष्य याच संगणकातून जातं. श्रीमंताचं पोरगं घरच्या लॅपटॉपवर फॉर्म भरतं. आमच्या मुली लॅबवर विसंबून आहेत. अमानत हा शब्द आपण फार सहज वापरतो, तो इथे लागू होतो असं मला वाटतं.

हे ओझं एकेका शाळेतल्या हौशी मास्तरवर टाकणं मात्र मला पटत नाही. केरळमध्ये शाळांचा आयटी प्रकल्प २००१ साली सुरू झाला. आज काइट ही सरकारी कंपनी शाळांसाठी उबंटूवर आधारलेली स्वतःची प्रणाली काढते. आपल्याकडे शिकायचं साहित्य आहे, आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये लिनक्सचे धडे मराठीतही आहेत. मग प्रत्येक जिल्ह्याच्या शिक्षण व प्रशिक्षण संस्थेत एक संगणक, एक मोठी डिस्क आणि बरं इंटरनेट एवढं ठेवायला काय हरकत आहे? तिथे सहीसकट उतरवलेलं गोदाम असावं. महिन्याच्या शिक्षण परिषदेला केंद्रप्रमुखाने डिस्क आणावी, शाळांनी भरून न्यावी. डिस्क दहा हातांतून गेली तरी चालेल, शेवटी शाळेतला संगणक सही स्वतः बघणार आहे. या व्यवस्थेला नवीन इमारत लागत नाही. एक जबाबदार माणूस लागतो, आणि त्याच्या बदलीनंतर पुढच्याला कळेल अशी मराठीत लिहिलेली दोन पानं.

ती पानं मी लिहायला घेतली आहेत. मोझरी, कुऱ्हा, वरखेड भागातल्या कुणा शिक्षकाला लगेच हवी असतील तर रिकामी डिस्क घेऊन लॅबमध्ये या, शुक्रवार सोडून. शुक्रवारी हॉटस्पॉट चालू असतो आणि मी यादीत काय काढलं जाणार आहे ते वाचत असतो.